आरोग्यमित्र कोणी निवडायचे?

शाळेकडे अधूनमधून एक परिपत्रक येतं. ‘प्रत्येक वर्गातून दोन विद्यार्थ्यांची नावं कळवावीत, त्यांना आरोग्यविषयक प्रशिक्षण द्यायचं आहे.’ वर्गशिक्षक क्षणभर विचार करतात आणि दोन नावं लिहून देतात. एक वर्गाचा मॉनिटर, दुसरी वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवणारी मुलगी. दोघं प्रशिक्षणाला जाऊन येतात, परिपाठाच्या वेळी हात धुण्याबद्दल किंवा तंबाखूबद्दल पाच मिनिटं बोलतात, एक भित्तिपत्रक तयार होतं, त्याचा फोटो अहवालाला जोडला जातो.

यात खोटं काही नाही. शिक्षकांनी सांगितलेलं काम केलेलं असतं आणि मुलांनीही मनापासून केलेलं असतं. प्रश्न वेगळाच आहे. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या टपरीवर जाणारी चार मुलं या दोघांचं ऐकतात का?

मुलांनी मुलांना आरोग्याच्या गोष्टी सांगाव्यात ही कल्पना आता सरकारी योजनांतही रुजली आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातल्याच किशोरवयीन मुलामुलींमधून ‘साथिया’ निवडले जातात. २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली जो शालेय आरोग्य कार्यक्रम आला, त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांवर जबाबदारी दिली आहे आणि मुलांना संदेशवाहक मानलं आहे. तेव्हा ‘हे करावं का’ हा प्रश्न मागे पडला आहे. ‘कसं केलं तर उपयोग होतो’ याबद्दल मात्र गेल्या पंचवीस वर्षांत बरेच चांगले प्रयोग झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष आपल्या नेहमीच्या पद्धतीला फारसे अनुकूल नाहीत.

आधी थोडं मुलांच्या वयाविषयी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला धोका कळत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. ते तितकंसं खरं नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं का पुढे जायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं. पुढे गेलं तर गुण जास्त, पण गाडी धडकण्याची भीती. किशोरवयीन, विशीच्या आसपासचे आणि मोठी माणसं, अशा तीन वयोगटांना तो एकेकट्याने आणि मित्रांच्या देखत खेळायला लावला. मोठ्यांच्या खेळात मित्र असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. किशोरवयीन मुलं मात्र मित्र बघत असताना खूपच जास्त धोका पत्करू लागली. म्हणजे धोका समजत नाही असं नाही. मित्रांसमोर त्याचं वजन बदलतं. या वयात माहितीचा डोस वाढवून फारसं साधत नाही, ते यामुळेच.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. आपल्या बरोबरीची मुलं काय करतात याचा मुलांचा अंदाज बऱ्याचदा चुकीचा असतो, आणि तो एकाच दिशेने चुकतो. सिगारेट ओढणारा दिसतो, न ओढणारा दिसत नाही. न ओढणं ही काही दिसण्यासारखी कृती नव्हे! त्यामुळे ‘सगळेच घेतात’ असा समज पसरतो. भारतात २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुलं त्या काळात कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होती. हा आकडा लहान नाही, काळजी करावी असाच आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की शंभरातली एक्याण्णव मुलं वापरत नव्हती. टपरीवरच्या मुलाच्या मनातलं ‘सगळे’ आणि हे एक्याण्णव यांची गाठ घालून देणं, हे काम मोठ्या माणसाने केलं तर तो उपदेश होतो. मित्राने केलं तर ती बातमी असते.

आता मुख्य प्रयोगाकडे वळू. ब्रिटनमध्ये वेल्स आणि पश्चिम इंग्लंडमधल्या ५९ शाळांत या शतकाच्या सुरुवातीला एक मोठी चाचणी झाली. ‘असिस्ट’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १२-१३ वर्षांची १० हजारांहून जास्त मुलं तिच्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने शाळांचे दोन गट केले. एका गटात नेहमीचंच आरोग्यशिक्षण चालू राहिलं, दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला मित्रांमार्फत काम.

कल्पना मूळची शाळेतली नव्हती. एड्सची साथ भरात असताना जेफ्री केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लहान शहरांत समलिंगी पुरुषांच्या बारमध्ये काम केलं होतं (१९९१). तिथे कोण सर्वांशी बोलतो, कोणाच्या शब्दाला वजन आहे, हे त्यांनी बारमध्ये वाढणाऱ्यांना ओळखायला लावलं आणि अशाच लोकांना तयार करून त्यांच्या ओळखीच्यांशी गप्पा मारायला सांगितलं. भाषणं नाहीत, पत्रकं नाहीत. धोक्याचं वर्तन कमी झाल्याचं दिसलं. एव्हरेट रॉजर्स यांनी नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याचा जो सिद्धांत मांडला होता, त्याचाच हा उपयोग होता. शेतीत संकरित बियाणं एका गावात का पसरतं आणि शेजारच्या गावात का नाही, या जातीच्या प्रश्नांतून तो सिद्धांत उभा राहिला. आपल्याकडच्या कृषी विस्तार अधिकाऱ्यांना तो चांगलाच ठाऊक आहे. शिक्षकांपर्यंत तो का पोचला नाही, कोण जाणे.

‘असिस्ट’मध्ये निवड कशी केली ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. वर्षातल्या सर्व मुलांना एक छोटी प्रश्नावली दिली. तुम्हाला कोणाबद्दल आदर वाटतो? खेळात किंवा गटाच्या कामात चांगलं नेतृत्व कोण करतं? तुम्ही कोणाकडे बघून शिकता? ज्यांची नावं सर्वात जास्त वेळा आली अशी वरची १७.५ टक्के मुलं बोलावली गेली. शिक्षकांचं मत या निवडीत धरलंच नव्हतं. साहजिकच त्या यादीत अभ्यासात मागे असणारी, वर्गात त्रास देणारी, शेवटच्या बाकावरची मुलंही आली. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘ही पोरं? आणि आरोग्यमित्र?’ असं वाटावं अशी.

शेवटच्या बाकाची चर्चा जिथे होते, तिथलाच माणूस तिथे पोचवायला हवा. पहिल्या बाकावरचा मुलगा कितीही शहाणा असला तरी ज्या गटात तो कधी बसलेला नाही, तिथे त्याचा शब्द चालत नाही. आणि १७.५ टक्के हा आकडाही उगीच घेतलेला नव्हता. ६० मुलांच्या वर्गात तो साधारण दहा होतो. प्रत्येकाचा रोजचा सहवास पाच-सहा जणांशी असेल, तर दहा जण मिळून जवळजवळ सगळ्या वर्गापर्यंत पोचतात. दोघं फक्त दहा-बारा जणांपर्यंत, आणि तेही बहुधा एकाच घोळक्यातले.

मुलांनीच नावं द्यावीत यामागे एक गणितही आहे. ते फळ्यावर करून दाखवण्याजोगं आहे. समजा एका गटात सहा मुली आहेत. सुनंदाची बाकीच्या पाचही जणींशी मैत्री आहे, पण त्या पाच जणींची आपसांत मैत्री नाही. प्रत्येकीला किती मैत्रिणी? सुनंदाला ५, इतर पाच जणींना प्रत्येकी १. एकूण १०, म्हणजे सरासरी दीडपेक्षा जरा जास्त. आता प्रत्येकीला तिच्या मैत्रिणींची नावं विचारू आणि त्या नावांपुढे त्यांच्या मैत्रिणींची संख्या लिहू. ‘सुनंदा’ हे नाव पाच वेळा येतं, प्रत्येक वेळी पुढे ५. उरलेली पाच नावं एकेकदा येतात, पुढे १. बेरीज ३०, नावं १०, सरासरी ३. म्हणजे ‘तुझी मैत्रीण कोण’ असं विचारून मिळालेली मुलगी ही डोळे मिटून निवडलेल्या मुलीपेक्षा जास्त जणींशी जोडलेली असते. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये हे मांडलं. निवडसमिती नको, गुणपत्रिका नको, मुलांना विचारलं की पुरे.

न्यू जर्सीमधल्या ५६ माध्यमिक शाळांत एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग (२०१६) याच दिशेचा आहे. विषय भांडणं आणि छळाचा होता. प्रत्येक शाळेत २० ते ३२ मुलांचा गट चिठ्ठ्या टाकून निवडला आणि त्यांनी आपापल्या पद्धतीने भांडणांविरुद्ध उघड भूमिका घेतली. वर्षभरात शिस्तभंगाच्या नोंदी अशा शाळांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. आणि ज्या गटांत मुलांच्या पाहणीतून ‘जास्त जणांच्या संपर्कातली’ ठरलेली मुलं अधिक होती, तिथे परिणाम जास्त दिसला.

पुन्हा ‘असिस्ट’कडे येऊ. निवडलेल्या मुलांचं प्रशिक्षण दोन दिवसांचं आणि शाळेबाहेर झालं. शिकवायला बाहेरची, तरुणांबरोबर काम करायची सवय असलेली माणसं. पुढे दहा आठवडे या मुलांनी काय करायचं? वर्गात उभं राहून बोलायचं नाही. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, घरी जाता जाता विषय निघाला किंवा काढता आला तर बोलायचं आणि वहीत थोडक्यात नोंद करायची. मधूनमधून प्रशिक्षक शाळेत येऊन अडचणी समजून घेत.

परिणाम काय झाला? दोन वर्षांच्या पाहणीत, मित्रांमार्फत काम झालेल्या शाळांत नियमित धूम्रपान करणारे आणि न करणारे यांचं गुणोत्तर दुसऱ्या शाळांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतं. मुलं खरं सांगतात की नाही हे पडताळायला लाळेचे नमुनेही घेतले होते. निकोटिनपासून शरीरात तयार होणारं कोटिनिन लाळेत सापडतं. परिणाम सुरुवातीला २५ टक्के, वर्षाने २३ आणि दोन वर्षांनी १५ टक्के, असा ओसरत गेला हेही नोंदवलं पाहिजे. दोन दिवस प्रशिक्षण आणि दहा आठवडे गप्पा, एवढ्या भांडवलावर मला हा परिणाम चांगलाच वाटतो. पण एकदा करून कायमचं काम झालं असं तो म्हणत नाही.

प्रशिक्षणात वेळ कशावर घालवायचा, याबद्दल माझं मत ठाम आहे. फुप्फुसाची आकृती आणि तंबाखूतल्या रसायनांची यादी यांना एक तास पुरे. उरलेला वेळ बोलण्याच्या सरावाला द्यावा. दोन मुलांना समोरासमोर बसवून प्रसंग करायला सांगा. पहिल्या प्रयत्नात बहुधा असं होतं:

‘अरे, तंबाखूने कॅन्सर होतो, माहीत आहे ना?’

‘हो. आमचे आजोबा खातात. ऐंशीचे झाले.’

संवाद संपला! सगळे हसतात. हसू द्यावं. मग विचारावं, दुसऱ्या कशा प्रकारे सुरुवात करता येईल? तीन-चार प्रयत्नांनंतर मुलंच अशा जागी येऊन पोचतात:

‘पुडी रोज घेतोस का कधीतरी?’

‘कधीतरी. मॅच असली की.’

‘मॅचला का?’

‘सगळे घेतात म्हणून.’

‘सगळे म्हणजे कोण? मी नाही घेत. विक्या नाही घेत. कीपर तर वासानेच पळतो.’

इथे मुलाने काय केलं पाहा. एकही वैद्यकीय वाक्य न बोलता त्याने ‘सगळे’ या शब्दाचे तुकडे केले. असा सराव करताना शिक्षकाला एकच पथ्य पाळावं लागतं, ते म्हणजे मध्ये न बोलण्याचं. ते आपल्याला फार जड जातं.

आपल्या देशातही असं काम झालं आहे. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत सहावी आणि आठवीच्या मुलांबरोबर २००४ ते २००६ या काळात ‘मायत्री’ नावाचा प्रकल्प झाला. सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या शाळा त्यात होत्या. वर्गातले उपक्रम लहान गटांत व्हायचे आणि गट चालवायला प्रशिक्षित विद्यार्थी असायचे. जोडीला पालकांना पाठवायची पत्रं आणि भित्तिपत्रकं. दोन वर्षांत जिथे कार्यक्रम नव्हता अशा शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, कार्यक्रमाच्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला. या प्रकल्पाच्या सुरुवातीच्या पाहणीत एक चकित करणारी गोष्ट दिसली होती: सहावीतल्या मुलांमध्ये तंबाखूचा वापर आठवीतल्या मुलांपेक्षा जास्त होता, दुपटीपासून चौपटीपर्यंत. ‘हे नववी-दहावीचे विषय आहेत’ असं म्हणून थांबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता शिक्षकांना थोडं टोचेल असं एक उदाहरण. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ हा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. मुलांचे गट, भित्तिपत्रक, अडचणी लिहून टाकायची पेटी, स्पर्धा, वैयक्तिक सल्ला असा तो एकच कार्यक्रम काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, साध्या प्रशिक्षणाने तयार केलेल्या समुपदेशकाने चालवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी, मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत, कार्यक्रमच नसलेल्या शाळांपेक्षा काही फरक दिसला नाही.

याचा अर्थ शिक्षक कमी पडतात असा मी लावत नाही. ज्या माणसाकडे हजेरी, परीक्षा, निवडणुकीची कामं आणि शिक्षा करण्याचा अधिकार हे सगळं एकत्र आहे, त्याच्याजवळ मूल मन मोकळं कसं करील? अडचण भूमिकेची आहे. म्हणून शक्य असेल तिथे प्रशिक्षण देणारी व्यक्ती शाळेबाहेरची असावी: आरोग्य केंद्रातला समुपदेशक, जवळच्या महाविद्यालयातले समाजकार्याचे विद्यार्थी. शिक्षकाने जागा, वेळ आणि पालकांची संमती या गोष्टी सांभाळाव्यात.

ही पद्धत सगळीकडे चालते असंही नाही. ‘असिस्ट’च्याच धर्तीवर इंग्लंडमध्ये १३-१४ वर्षांच्या मुलींनी जास्त हालचाल करावी, खेळावं यासाठी ‘प्लॅन-ए’ नावाचा कार्यक्रम आखला गेला. लहान चाचणीत आशा दिसली. मग २० शाळांतल्या १५५८ मुलींवर मोठी चाचणी झाली, हालचाल मोजायला यंत्रं बांधली, आणि फरक शून्य (२०२१). मला यात आश्चर्य वाटत नाही. सिगारेट न ओढण्यासाठी काहीच लागत नाही. खेळायला मात्र मैदान, वेळ, सुरक्षित रस्ता, मासिक पाळीच्या दिवसांत धड स्वच्छतागृह, असं बरंच काही लागतं. ते मैत्रिणीच्या बोलण्यातून उत्पन्न होत नाही. हात धुण्याचंही तसंच. नळाला पाणी नसलेल्या शाळेत आरोग्यमित्र नेमणं ही त्या मुलांची चेष्टा आहे.

आणि अपायही होऊ शकतो. थॉमस व्हॅलेंटे यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, व्यसनाकडे झुकलेल्या मुलांच्या शाळांत मित्रांचे गट जसेच्या तसे ठेवून कार्यक्रम केला. ज्यांचे मित्र व्यसनापासून दूर होते त्यांना फायदा झाला. ज्यांचे मित्र व्यसन करणारे होते त्यांचा वापर उलट वाढला. तेव्हा ‘टपरीवाली चौकडी’ तशीच उचलून तिचा स्वतंत्र गट करणं टाळावं. तिच्यातल्या एखाद्याला मुलांनी निवडलं असेल तर जरूर घ्यावं, पण दहा जणांच्या मिश्र गटात.

आणखी एक जबाबदारी आहे, आणि प्रशिक्षणाच्या पहिल्या तासालाच तिच्याबद्दल बोलायला हवं. मित्र बोलू लागले की नुसतं तंबाखूबद्दल बोलत नाहीत. घरातली मारहाण, कोणीतरी केलेला नको तो स्पर्श, जीव द्यावासा वाटणं, हेही बाहेर येतं. तेरा वर्षांच्या मुलाने हे ओझं एकट्याने वाहू नये. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, ‘मी तुझ्याबरोबर येतो, आपण बाईंना सांगू’ असं म्हणायचं, हे त्याला आधीच शिकवलेलं असावं. त्या बाई कोण, हेही ठरलेलं असावं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा हा फक्त सौजन्याचा प्रश्न नाही.

राहिला मोजण्याचा प्रश्न. लाळ तपासणं आपल्याला परवडणारं नाही, आणि ‘तू तंबाखू खातोस का’ या प्रश्नाला खरं उत्तर कोण देणार? स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये यावर एक सुंदर युक्ती सुचवली. तिचं एक सोपं रूप असं. प्रत्येक मुलाने कोणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा पडला तर काही असो, चिठ्ठीवर ‘हो’ लिहायचं. काटा पडला तर ‘गेल्या महिन्यात तंबाखू किंवा सिगारेट घेतली का’ याचं खरं उत्तर लिहायचं. कोणाचीही चिठ्ठी उघडली तरी ते ‘हो’ नाण्याचं की त्याचं, हे कळायला मार्ग नाही. पण एकूण हिशोब लागतो. २४० मुलं असतील तर सुमारे १२० ‘हो’ नाण्यामुळे येतील. १३८ ‘हो’ आले तर जादा १८ हे उरलेल्या १२० मुलांमधले, म्हणजे १५ टक्के. कार्यक्रमाआधी एकदा आणि वर्षानंतर पुन्हा हे करता येतं. गणिताच्या तासाला संभाव्यतेचं उदाहरण म्हणूनही चालतं. फक्त एकेका वर्गापुरतं करू नये. ६० नाण्यांत छापा ३० ऐवजी २६ किंवा ३४ वेळा पडणं अगदी नेहमीचं आहे. समजा ३६ ‘हो’ आले. छापे २६ असतील तर ३४ मुलांतले १० जण तंबाखू घेणारे ठरतात, ३४ असतील तर २६ मुलांतले दोघंच. एवढ्या फरकात कार्यक्रमाचा सगळा परिणाम बुडून जाईल. शेजारच्या दोन-तीन शाळांनी मिळून आकडे एकत्र केले, तर मात्र त्यांना काही अर्थ येईल.